‘भारद्वाज’चा उंचीचा काटा

विमानासाठी माल विकत घेणं आणि मंडईत भाजी घेणं यांत मला तरी फारसा फरक दिसला नाही. दोन्हीकडे विकणारा आधी खोटं बोलतो आणि घेणाऱ्याला निघून जायचं नाटक करावं लागतं. फरक एवढाच की मंडईत वांग्याबरोबर वांग्याच्या आईबापाचा दाखला मागत नाहीत. विमानाला साधा बोल्ट लावायचा तरी तो कुठल्या धातूचा, कुठल्या भट्टीतला, कोणी तपासला, हे सगळं सिद्ध करून घ्यावं लागतं. दाखला नसलेला बोल्ट कितीही देखणा असो, आमच्या लेखी तो भंगार.

या अंकासाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा पलीकडच्या बाईंनी उत्साहाने विचारलं, “तुम्ही स्वतः विमान चालवलंत का हो कधी?” मी म्हटलं, नाही, मी ते चालू दिलं. त्यांना हा विनोद वाटला.

माझे वडील भंडाऱ्याकडून खडकीला कारखान्यात कामाला आले. मी आयटीआय केलं, टर्नर झालो. पण खरं शिक्षण जुन्या बाजारात झालं. तिथे मी सुट्टीच्या दिवशी जुनी हत्यारं विकायला बसायचो. समोरचा माणूस पान्याकडे बघत भाव विचारतोय की दुसरीकडे बघत विचारतोय, यावरून त्याला तो किती हवाय ते कळायला लागलं. पुढे पिंपरीच्या एका कंपनीत खरेदी खात्यात शिरलो. माझा आवाज मोठा, डोकं लवकर तापणारं. लोक म्हणत, मेश्राम भांडून भाव पाडतात. मी भांडून भाव पाडत नव्हतो. भाव आधीच पाडलेला असायचा. भांडण मी हौसेने करायचो.

देशाची दारं उघडली असं सगळे म्हणू लागले, त्या सुमारास आमच्या दादासाहेबांनी विमान काढायचं ठरवलं. दादासाहेब पंपांचे कारखानदार. “पंप पाणी वर नेतो, विमान माणसं वर नेतं. तत्त्व एकच,” असं ते म्हणायचे. हे ऐकून हसायचं नसतं हे मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण जे हसले ते दुसऱ्या दिवशी पंपांकडे परत गेले. परदेशातल्या एका बंद पडलेल्या कंपनीचे आराखडे त्यांनी विकत घेतले आणि खराडीत शेड टाकली, मागे मातीची आखूड धावपट्टी. तेव्हा खराडीत ज्वारी आणि वीटभट्ट्या होत्या. आमच्या शेडकडे यायला रिक्षावाले परतीचंही भाडं मागायचे.

विमान दोन इंजिनांचं. पंख डोक्यावर, चाकं कायम खाली, आत नऊ-दहा माणसं. बाहेरच्या माणसाला मी सांगायचो, विमानांमधला टेम्पो समजा. खुर्च्या काढल्या की पोती भरा, पोती काढली की स्ट्रेचर ठेवा. डांबर नसलेल्या आखूड पट्टीवरही उतरेल. दिसायला टेम्पोइतकंच देखणं. नाव ठेवलं दादासाहेबांच्या मातोश्रींनी, म्हणजे माईंनी: ‘भारद्वाज’. भारद्वाज पक्षी दिसणं शुभ. तो उडतो किती, हे त्या बैठकीत कोणी काढलं नाही.

अशा विमानाचा जन्म म्हणजे वजनाशी चाललेलं भांडण असतं. इंजिनाची ताकद ठरलेली असते. विमान जितकं जड, तितका ग्राहकाचा माल कमी. आमचे मुख्य रचनाकार डॉक्टर लिमये प्रत्येक खात्याला किलो वाटून द्यायचे, आणि ते देताना त्यांचा चेहरा मुलीचं लग्न ठरवायला बसलेल्या बापासारखा व्हायचा. आयुष्यभर रुपयांत घासाघीस केलेला मी, आता ग्रॅममध्ये करू लागलो. भोसरीच्या खुर्चीवाल्याकडे मी खुर्ची वजनकाट्यावर ठेवली आणि म्हटलं, जड आहे.

तो म्हणाला, “साहेब, गेल्या खेपेला तुम्ही महाग म्हणालात. आता जड म्हणताय. तुमचं नक्की दुखणं काय?”

“सांगाड्याला भोकं पाडा.”

“किती?”

“खुर्ची उभी राहील इतकी.”

“आणि बसणारा?”

“तो बसलेला असेल. त्याला भोकं दिसत नाहीत.”

तो म्हणाला, “अहो मेश्रामसाहेब, त्यापेक्षा बसणाऱ्याचं वजन उतरवा. भोकं पाडायची मजुरी वाचेल.” भोकं त्याने पाडली. खुर्ची ताकदीच्या चाचणीत उत्तीर्ण झाली, आणि भोकांची कल्पना मूळ आराखड्यातच होती असं लिमयांनी जाहीर केलं. तो माझा पहिला अनुभव. मी तेव्हा भांडलो नाही. अजून सवय व्हायची होती.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

विमानाची उंची आणि वेग दाखवणारी उपकरणं घ्यायची होती. लिमयांचं म्हणणं, परदेशी एजंटकडून कोरी घ्या. तो एजंट भेटीच्या वेळी घड्याळाकडे बघत बोलायचा. मला तेवढ्यावरूनच कळलं की याला आमच्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक नाही. मी त्याला सोडून दिलं आणि मान्यताप्राप्त कार्यशाळेतून दुरुस्त करून, तपासून, दाखल्यासह आलेली उपकरणं घेतली. विमानाच्या धंद्यात ही सर्रास पद्धत आहे. पण कंपनीत बातमी अशी फिरली की मेश्रामांनी विमानाचे काटेसुद्धा जुन्या बाजारातून आणले.

पहिलं मोठं गिऱ्हाईक होतं ईशान्येकडचं एक डोंगराळ राज्य. त्यांचे अधिकारी विमान बघायला येणार होते, आणि आले ते नेमके खंडेनवमीला. त्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा असते. दादासाहेबांनी ठरवलं, पूजा करूनच उड्डाण करू, पाहुण्यांनाही बरं वाटेल. ऑर्डर मिळाली तर कंपनी उभी राहणार, नाही तर सगळे पंपांकडे परत, हे शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आमच्या घरी पूजा नाहीत. आजोबांनी नागपूरला धम्म स्वीकारला तेव्हापासून नाहीत. दसऱ्याला मी रजा काढून नागपूरला जातो, खंडेनवमीला कामावर असतो आणि पूजेच्या वेळी बाजूला थांबतो. याबद्दल कंपनीत मला कोणी कधी बोललं नाही. पुण्यात बोलत नाहीत, लक्षात ठेवतात.

त्या दिवशीही मी लांब चहाच्या टेबलापाशी पाहुण्यांना इंजिनाच्या सुट्या भागांबद्दल सांगत होतो. आमचे वैमानिक कॅप्टन देसाई, हवाई दलातून निवृत्त झालेले, यांनी विमानाभोवती फिरून नेहमीची तपासणी केली. त्यानंतर माई आल्या, पूजा झाली, आरती झाली. चाकाखाली लिंबं ठेवली. पेढे वाटले. कॅप्टन देसाई पेढा खाऊन विमानात बसले आणि उडाले.

उडाले आणि थोड्याच वेळात परत फिरले. उतरताना सगळं ठीक दिसलं. पाहुण्यांना सांगितलं की छोटं प्रात्यक्षिक होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. देसाई मात्र खाली उतरले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटलेला होता.

पाहुण्यांना जेवायला पाठवून दादासाहेबांच्या खोलीत बैठक बसली. खात्यांचे सगळे प्रमुख हजर. देसाई म्हणाले, विमान चढत होतं पण उंचीचा काटा जमिनीवरच्या आकड्याला चिकटून बसला. वेगाचा काटा उलट खाली यायला लागला. त्याच्यावर विश्वास ठेवून मी नाक खाली दाबलं असतं तर आपण आत्ता बोलत नसतो.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एकालाही दुसरीकडे बघावंसं वाटलं नाही.

लिमये शांतपणे म्हणाले, “स्वस्ताईची किंमत कधी तरी मोजावीच लागते, मेश्राम.”

“काटे तपासून आलेत.”

“कागदावर.”

“मग तुमचं विमान तरी कशावर आहे?”

दादासाहेब म्हणाले, आवाज खाली. मी आवाज खाली केला आणि देसाईंना विचारलं, “मग तुम्ही उतरलात कसे?”

“पर्यायी झडप उघडली. आतल्या हवेवर काटे चालायला लागले.”

इथे जरा समजावून सांगतो. विमानाला आपली उंची बाहेरच्या हवेच्या दाबावरून कळते. तो दाब आत घ्यायला विमानाच्या दोन्ही कुशींवर बारीक भोकं असतात, टाचणीच्या टोकाएवढी. तिथून नळी काट्यापर्यंत जाते. भोकं बुजली तर काटा आंधळा होतो. अशा वेळी वैमानिकाने हाताशी असलेली झडप उघडायची, की आतल्या हवेवर काम भागतं.

“झडप उघडल्यावर काटे चालले,” मी म्हणालो. “म्हणजे काटे चालतात. बंद होतं ते दुसरंच काही. आत्ता माझ्यासमोर काटे काढा आणि तपासा. खराब निघाले तर मी इथूनच घरी जातो.”

खरेदी खात्याच्या माणसाने एवढी मोठी बोली लावायची नसते. पण मी तापलो होतो. काटे काढले, चाचणीच्या टेबलावर लावले. दोन्ही अगदी सरळ चालले. लिमये म्हणाले, “आत्ता चालतायत.” त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. मी देसाईंना दंडाला धरून विमानापाशी नेलं.

भोकांभोवती एक गोल रेघ रंगवलेली असते आणि शेजारी बारीक इंग्रजी अक्षरांत ‘स्वच्छ ठेवा’ असं लिहिलेलं असतं. पांढऱ्याशुभ्र अंगावर गोल आखून ठेवलेली जागा. त्या गोलात बरोबर मधोमध, बोटाने नीट टेकवलेलं, ओलं कालवून लावलेलं आणि आता वाळून घट्ट झालेलं कुंकू. डाव्या कुशीला होतं तसंच उजव्या कुशीला. माई कामात कसूर ठेवणाऱ्या नव्हत्या. टिळ्याची जागा कोणी तरी आखूनच ठेवली आहे असं त्यांना वाटलं असणार. मलाही वाटलं असतं.

देसाई म्हणाले, “अरे देवा.” मग म्हणाले, “मी तपासणी केली तेव्हा हे नव्हतं.”

“माहीत आहे. तुम्ही आधी तपासलंत. पूजा नंतर झाली.”

“पूजेनंतर पुन्हा बघायला हवं होतं मी.”

“ते मी म्हणत नाही.”

“पण लोक म्हणतील.” तेव्हाच मला चित्र दिसलं. कुंकू म्हणावं तर माई अडचणीत. तपासणी म्हणावी तर देसाई. विमान उभं असताना भोकांना झाकण का नव्हतं म्हणावं तर लिमये. सगळ्यांना सोयीचा एकच आरोपी होता, आणि तो म्हणजे काटा. काट्याच्या मागे मी.

दादासाहेबांना मी एकटं गाठून सांगितलं. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

“मेश्राम, विमानाचं नाव आईनं ठेवलंय. तिच्याच हाताने ते पडलं असतं, हे तिला कोण सांगणार?”

“मी सांगतो.”

“तुम्ही?”

एवढंच म्हणाले. पण त्या एका शब्दात काय होतं ते आम्हा दोघांनाही कळलं. हेच देसाईंनी सांगितलं असतं तर ती तांत्रिक बाब झाली असती. मी सांगितलं असतं तर मेश्रामांचा पूजेला विरोध झाला असता. भोक, नळी, हवेचा दाब, सगळं बाजूला राहिलं असतं आणि शेडमध्ये भलत्याच विषयावर बोलणं सुरू झालं असतं. आणि बाहेर गिऱ्हाईक श्रीखंड खात बसलेलं.

म्हणून मी सौदा केला. दोन अटी घातल्या. पहिली: यापुढे पूजा आधी, तपासणी नंतर, आणि पूजा फक्त चाकाची. दादासाहेबांनी लगेच मान्य केली. दुसरी: काटे चांगले होते, खरेदीत चूक नव्हती, हे तुम्ही स्वतः सगळ्यांसमोर सांगायचं. कारण सांगू नका, पण एवढं सांगा.

“सांगतो ना,” ते म्हणाले. “वेळ बघून.”

मुदत ठरवल्याशिवाय माल द्यायचा नसतो, हे जुन्या बाजारात चहा विकणाऱ्यालाही कळतं. मी दिला.

अहवालात ‘बाह्य पदार्थामुळे अडथळा’ असं छापून आलं. अहवाल कोण वाचतो? लोक कँटीनमध्ये ऐकतात. कँटीनचं घड्याळ मागे पडलं की कोणी तरी म्हणायचं, “मेश्रामसाहेबांनी आणलं वाटतं.” उपकरणांची खरेदी माझ्याकडून काढून लिमयांच्या हाताखाली गेली, आणि तो घड्याळाकडे बघणारा एजंट पुन्हा येऊ लागला. या वेळी घड्याळ नवीन होतं.

विमानं मात्र गेली. डोंगरी राज्याने घेतली, मग किनाऱ्याकडच्या एका संस्थेने रुग्णांसाठी घेतलं, एका कुक्कुटपालनवाल्याने घ्यायचं म्हणून महिनोन् महिने चर्चा केली. एक दिवसाची पिल्लं न्यायची होती त्याला. “पिल्लांना कानात दडे बसतात का हो?” असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, पिल्लांनी अजून तक्रार केलेली नाही. त्याने शेवटी टेम्पोच घेतला, खराखुरा.

सेवेत ‘भारद्वाज’ने नाव काढलं, हे मी लिमयांचा राग बाजूला ठेवून सांगतो. पावसात वाहून गेलेल्या रस्त्यांच्या गावांत ते तांदूळ घेऊन उतरायचं आणि बाळंतीण घेऊन उडायचं. डोंगराकडचे इंजिनिअर सुट्या भागांसाठी मला फोन करायचे. हायड्रॉलिकच्या नावाने शिव्या द्यायचे, दाराच्या बिजागरीच्या नावाने द्यायचे. एकदा मी मुद्दाम विचारलं, उंचीचा काटा कसा आहे? पलीकडचा म्हणाला, त्याच्याबद्दल तर आम्ही कधी विचारच केला नाही. उपकरणाला याहून मोठं प्रमाणपत्र नसतं. त्यांच्या पहिल्या विमानात तेच काटे होते, माझे. आणि दर उड्डाणाआधी तिकडेही म्हणे आधी पूजा, मग तपासणी असा दंडक होता. का, हे कोणाला माहीत नव्हतं. आमच्याकडून गेलेल्या प्रशिक्षकाने शिकवलं म्हणून करायचे.

मग खराडी बदलली. शेडसमोरच्या ज्वारीत काचेच्या इमारती उगवल्या. आमची रचनाकार मुलं सकाळी आमच्याकडे राजीनामा द्यायची आणि दुपारी रस्ता ओलांडून सॉफ्टवेअरमध्ये रुजू व्हायची. डबासुद्धा एकाच झाडाखाली खायची, फक्त गळ्यात पट्टा नवीन. लिमये मुलाकडे म्हणून अमेरिकेला गेले आणि तिथेच राहिले. इंजिनं बनवणाऱ्या परदेशी कंपनीने तो नमुनाच बंद केला. विमानापेक्षा विमानाखालची जमीन महाग झाली, आणि दादासाहेब शेवटी कारखानदार होते. शेड पाडली, तिथे आयटी पार्क झालं.

त्या इमारतीच्या दारात सेवेतून निवृत्त झालेलं एक ‘भारद्वाज’ खांबावर बसवलं, त्याचा सोहळा होता. जुन्या सगळ्यांना बोलावलं. मी गेलो. खरं सांगतो, भाषणासाठीच गेलो. वेळ बघून सांगतो म्हणाले होते. यापेक्षा चांगली वेळ कुठली असणार होती?

दादासाहेब बोलायला उभे राहिले. थकले होते, पण आवाज तोच. म्हणाले, “पहिल्या प्रात्यक्षिकात उंचीचा काटाच बंद पडला. आमचे मेश्राम इथे आहेत. घासाघीस करण्यात पटाईत. काटा त्यांनी स्वस्तात मिळवला, पण काटा वर जायलाच तयार नाही.” हशा. “पण सकाळी आईने पूजा केली होती. तिच्या पुण्याईने विमान सुखरूप उतरलं.” टाळ्या. माई पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत होत्या. देसाई त्यांच्या मागच्या रांगेत. ते छताकडे बघत होते.

मी टाळ्या संपेपर्यंत थांबलो आणि उठलो. बोललो असतो तर शिवीच गेली असती. लोक जेवणाकडे निघाले होते. त्या गर्दीतून मी दाराकडे चाललो असताना माईंनी हाक मारली.

“मेश्राम, इकडे या. तुम्ही काटा खराब आणला होतात?”

“नाही माई.”

“मग आमचे चिरंजीव काय सांगत होते?”

“ते त्यांनाच विचारा.”

त्यांनी विचारलं. हातात ताट घेतलेले दादासाहेब आले, आणि आईने रोखून बघितल्यावर त्या वयातही त्यांनी सगळं सांगितलं. कुंकू, भोकं, दोन्ही बाजू. सांगताना एकदा माझ्याकडे पाहिलं, जणू हे सगळं मीच घडवून आणलं होतं.

मला वाटलं माई आता रडतील, आणि मीच मनातल्या मनात शब्द जुळवायला लागलो.

“मग तेव्हाच सांगायचं,” त्या म्हणाल्या. “पदराने पुसलं असतं मी.”

“आई, तुला वाईट वाटलं असतं.”

“वाटलं असतं. संध्याकाळपर्यंत. मी काय काचेची आहे?” मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “आणि इतकी वर्षं ते या गृहस्थांच्या माथी? जा, तिथे माइकवर जाऊन सांग.”

“लोक जेवायला गेलेत आता.”

“सांगायचं काम तुझं. ऐकायचं त्यांचं.”

दादासाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, “मेश्राम, आईसमोर कबूल केलं मी. एवढ्यावर भागणार नाही का?”

समोरचा नरम आला की मोठ्या मनाने सोडून द्यावं, असं लोक म्हणतात. ते लोक खरेदी खात्यात नसतात.

“नाही,” मी म्हणालो. “सौदा सगळ्यांसमोर सांगायचा होता.”

त्यांनी ताट एका खुर्चीवर ठेवलं आणि व्यासपीठाच्या पायऱ्या चढले. माइकवाला वायर गुंडाळत होता. त्याला ती परत जोडायला लावली. मंडपवाले खुर्च्यांची कव्हरं काढत होते. जेवणाच्या दालनातून ताटांचा आवाज येत होता. माई, मी आणि कुठे जावं ते न कळल्यासारखे मागे उभे राहिलेले देसाई, एवढेच श्रोते.

दादासाहेबांनी घसा साफ केला. “भारद्वाजच्या पहिल्या प्रात्यक्षिकात,” ते म्हणाले, “उपकरणं चांगली होती. मेश्रामांच्या खरेदीत कसलीही चूक नव्हती.”

पलीकडच्या टोकाला स्पीकरजवळ उकिडवा बसलेल्या माइकवाल्याने हात वर केला.

“येतोय साहेब,” तो म्हणाला, “आवाज एकदम स्पष्ट येतोय.”